पेन्या : एका क्लबाच्या नावांचा इतिहास

संस्थेचा इतिहास म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम येते ती स्मरणिका. संस्थापकांची छायाचित्रे, अध्यक्षांची सालवार यादी, मिळालेल्या चषकांची नोंद, मान्यवरांचे शुभसंदेश आणि शेवटी जाहिरातदारांचे आभार. या क्रमात संस्था नेहमी वाढतच जाते. अडचणी येतात त्या केवळ त्यांवर मात कशी केली हे सांगण्यासाठी. क्रीडासंस्थांचा इतिहास तर बहुतेक याच साच्यात लिहिला जातो, आणि म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकाला तो वाचनीय वाटत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका संस्थेचा इतिहास वेगळ्या वाटेने वाचू पाहतो. ही संस्था म्हणजे कॅटलोनियातील बादालोना या शहराचा बास्केटबॉल क्लब, 'जुवेन्तुत'. आमची वाट आहे ती त्याच्या नावांची. सुमारे पंचाण्णव वर्षांच्या काळात या क्लबाने इतकी नावे धारण केली की त्यांचा क्रम लावला तरी स्पेनच्या विसाव्या शतकाचा एक आराखडा हाती येतो. नावे कोण ठेवतो, कोण बदलतो आणि लोक प्रत्यक्षात कोणते नाव उच्चारतात, हे प्रश्न भाषेच्या शिक्षकांना परके नाहीत.

१

बादालोना हे बार्सिलोनाच्या ईशान्येस, भूमध्य समुद्राच्या काठी वसलेले शहर. रोमन काळात त्याचे नाव 'बेतुलो' असे होते. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग आला, किनाऱ्याने कारखाने उभे राहिले. १८७० मध्ये येथे सुरू झालेल्या 'आनीस देल मोनो' या बडीशेपेच्या मद्याची बाटली पुढे पिकासो आणि हुआन ग्रिस यांच्या चित्रांत जाऊन बसली. म्हणजे शहराचे नाव ठाऊक नसलेल्यांनीही शहराचा माल पाहिला होता. बादालोनाचे दुखणे मात्र भौगोलिक आहे. शेजारी इतके मोठे महानगर असताना स्वतःची ओळख टिकवायची कशी? दोन नगरांमधील सीमा आज इमारतींच्या गर्दीत डोळ्यांना दिसतही नाही.

कॅटलोनियात बास्केटबॉल आला तो शाळेच्या वाटेने. क्यूबामध्ये राहून आलेले एउसेबी मियान या पियारिस्ट संघाच्या धर्मगुरूंनी बार्सिलोनातील आपल्या शाळेत १९२१च्या सुमारास हा खेळ मुलांना शिकवला. पाहता पाहता तो आसपासच्या गावांत पसरला. फुटबॉलला लागते तेवढे मैदान त्याला लागत नव्हते. कारखान्यामागचे अंगण, धर्मसंस्थेचा चौक एवढे पुरे होई. बादालोनात तो विशेष रुजला. एकाच शहरात अनेक संघ उभे राहिले. कॅथलिक मंडळाचा 'सिर्कोल कातोलिक' हा त्यांपैकी एक. १९७०च्या दशकात तो कोतोनिफिसियो या कापडगिरणीच्या नावानेच ओळखला जात असे. बादालोनाला स्पॅनिश बास्केटबॉलचा पाळणा म्हणतात ते या दाटीमुळे.

या दाटीतच ३० मार्च १९३० रोजी काही तरुणांनी एक मंडळ स्थापन केले. त्याचे नाव 'पेन्या स्पिरिट ऑफ बादालोना'. या नावापाशी क्षणभर थांबायला हवे. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत एकट्याने, मध्ये कोठेही न थांबता विमान नेले होते. त्या विमानाचे नाव 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस'. बादालोनाच्या पोरांनी ते नाव उचलले, सेंट लुइसच्या जागी आपले गाव घातले आणि पुढे 'पेन्या' हा कॅटलान शब्द जोडला. पेन्या म्हणजे मित्रांचे टोळके. मराठीत त्याला 'कट्टा' म्हणता येईल. कट्टा ही जशी बसण्याची जागा आणि तेथे बसणारी मंडळीही, तसा 'पेन्या' या शब्दालाही कड्याचा, खडकाचा दुसरा अर्थ आहे. तेव्हा या पहिल्या नावात अर्धे गाव आणि अर्धे आकाश आहे. एका बाजूला कट्ट्यावरची आपली माणसे, दुसऱ्या बाजूला महासागर ओलांडणारे परदेशी यंत्र. त्या काळच्या तरुणांना आधुनिकता हवी होती, पण ती आपल्याच गावात उतरलेली हवी होती, असे या जोडशब्दावरून वाटते.

हे नाव कागदावर फार टिकले नाही. लवकरच त्याच्या जागी 'सेंत्रे एस्पोर्तिउ बादालोना', म्हणजे बादालोना क्रीडा केंद्र, असे सरळ आणि जबाबदार नाव आले. मंडळ संस्था होऊ लागले की असे घडतेच. पण 'पेन्या' हा पहिला शब्द लोकांच्या तोंडी राहिला. त्याचे पुढे काय झाले हेच या लेखाचे खरे सूत्र आहे.

२

१९३६ ते १९३९ या काळात स्पेनमध्ये यादवी युद्ध झाले आणि जनरल फ्रँकोची राजवट आली. कॅटलान भाषा शाळांतून, कचेऱ्यांतून, पाट्यांवरून हद्दपार झाली. परदेशी शब्दांवरही बंदी आली. बार्सिलोनाच्या प्रसिद्ध फुटबॉल क्लबाला आपल्या नावातील इंग्रजी वळणाचा क्रम सोडून 'क्लुब दे फुत्बोल' असे स्पॅनिश रूप घ्यावे लागले. अशा काळात 'स्पिरिट ऑफ' म्हणणे शक्य नव्हते आणि 'सेंत्रे एस्पोर्तिउ' हेही चालणारे नव्हते. क्लबाला नवे नाव मिळाले ते तारुण्यवाचक : कॅटलानमध्ये 'जुवेन्तुत', स्पॅनिशमध्ये 'हुवेन्तुद'. कागदावर अर्थातच दुसरे रूप.

भाषेच्या विद्यार्थ्याने हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींचे मूळ लॅटिन, अर्थ एकच. फरक आहे तो आरंभीच्या आणि अखेरच्या वर्णाचा. कॅटलानमधला 'ज'च्या जवळचा ध्वनी स्पॅनिशमध्ये घशातून येणारा 'ह' होतो, शेवटचा 'त' मऊ होऊन 'द' होतो. एवढ्या फरकात एक राजवट मावली होती. लिहिताना 'हुवेन्तुद' लिहायचे आणि घरी परतल्यावर 'जुवेन्तुत' म्हणायचे, ही कसरत एका पिढीने केली. मैदानावर ओरडताना मात्र या कसरतीची गरज नव्हती, कारण तेथे लोक 'पेन्या' म्हणत. या शब्दाचे स्पॅनिश भावंड 'पेन्या' असेच उच्चारले जाते. कोणत्याही अधिकाऱ्याला तो ऐकून आक्षेप घेता आला नसता. हा योगायोग की सूज्ञपणा, हे ठरवण्याचा मोह आम्ही टाळतो. परिणाम मात्र स्पष्ट आहे : ज्या नावाची नोंद नव्हती ते बदलण्याचा हुकूम काढता येत नव्हता.

या काळात क्लबाने मिळवलेल्या चषकांची नावेही लक्षात घेण्यासारखी आहेत. १९४८, १९५३, १९५५, १९५८ आणि १९६९ अशी पाच वर्षे त्याने राष्ट्रीय चषक जिंकला. त्या चषकाचे नाव होते 'कोपा देल हेनेरालीसिमो', म्हणजे सरसेनापतींचा चषक. ज्या राजवटीने क्लबाचे नाव भाषांतरित केले तिच्याच प्रमुखाच्या नावाचा चषक क्लबाच्या कपाटात मानाने उभा. स्मरणिका येथे केवळ साले देते. त्या कपाटाकडे पाहणाऱ्या बादालोनाकराच्या मनात अभिमान आणि अवघडलेपण यांचे प्रमाण काय असेल, ते साले सांगत नाहीत.

हे चित्र 'दडपलेली भाषा आणि तिची निष्ठावान प्रजा' असे एकरंगी करून टाकणे सोपे आहे. पण १९५० नंतर अंदालुसिया, मुर्सिया आणि स्पेनच्या इतर दक्षिण भागांतून हजारो कुटुंबे कामासाठी बादालोनात आली. या माणसांची घरची भाषा स्पॅनिश होती. त्यांच्या लेखी 'हुवेन्तुद' हे लादलेले रूप नव्हते. ते त्यांच्या तोंडचे नाव होते. कॅटलानचे प्रेम असलेला जुना रहिवासी आणि नुकताच आलेला कामगार एकाच संघासाठी ओरडत असतील तर त्यांना दोघांनाही सोयीचा शब्द कोणता? पुन्हा उत्तर 'पेन्या' असेच येते. भाषिक अस्मितेच्या इतिहासात अशा मधल्या शब्दांची दखल क्वचित घेतली जाते. एका बाजूचा झेंडा त्यांवर लावता येत नाही हे त्याचे कारण असावे.

३

खेळाच्या पटावरचे जुवेन्तुतचे स्थान समजण्यासाठी थोडी आकडेवारी पुरे आहे. स्पेनमध्ये राष्ट्रीय लीग १९५७ मध्ये सुरू झाली आणि जुवेन्तुत पहिल्या हंगामापासून तीत आहे. सर्वोच्च श्रेणीतून कधीच बाहेर न गेलेले क्लब दोनच : रिअल माद्रिद आणि जुवेन्तुत. बार्सिलोनाने १९६१ मध्ये आपला बास्केटबॉल विभागच काही काळ बंद केला होता. माद्रिदचा एस्तुदियान्तेस २०२१ मध्ये खालच्या श्रेणीत गेला. आता विजेत्यांची यादी पाहावी. १९६० पासून १९७७ पर्यंतच्या अठरा लीगपैकी सतरा रिअल माद्रिदने जिंकल्या. उरलेली एक, १९६७ची, जुवेन्तुतची. त्या संघात नीनो बुस्कातो होता, जो पुढे स्पेनतर्फे दोनशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळला. १९७८ मध्ये माद्रिदची सलग दहा विजेतेपदांची मालिका तोडली तीही जुवेन्तुतनेच. राजधानीच्या अखंड सत्तेला दोनदा खीळ बसली ती एका कारखानदारी उपनगराकडून.

१९७२ मध्ये क्लबाला नवी बंदिस्त क्रीडाशाळा मिळाली होती. ती लोकांमध्ये 'आउसियास मार्क' या नावाने ओळखली जाई. आउसियास मार्क हा पंधराव्या शतकातील वालेन्सियाचा थोर कवी, कॅटलान काव्यपरंपरेचा एक आधारस्तंभ. साहित्याच्या वर्गात ज्याचे नाव घ्यायचे तो कवी असा खेळाच्या संभाषणात रोज येऊ लागला. ते घडले रस्त्याच्या नावामुळे, काव्यप्रेमामुळे नव्हे. तरी कवीचे नाव लोकांच्या जिभेवर राहण्याचे असेही मार्ग असतात. याच शाळेत योझेप मारिया मार्गालसारखा लांबून अचूक नेम साधणारा खेळाडू गाजला. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या स्पॅनिश संघात तो होता. १९८१ मध्ये व्हेनिसच्या संघाला जादा वेळेत १०५-१०४ असे हरवून क्लबाने कोराच चषक हा आपला पहिला युरोपीय चषक जिंकला. तोपर्यंत फ्रँको जाऊन सहा वर्षे होत आली होती आणि 'जुवेन्तुत' हे रूप पुन्हा उजळ माथ्याने लिहिता येत होते.

४

भाषा परत मिळाली, पण नाव पुरते परत मिळाले असे मात्र नाही. १९८३-८४च्या हंगामापासून स्पेनमध्ये क्लबांच्या संघटनेची व्यावसायिक लीग सुरू झाली. परदेशी खेळाडूंचे पगार, प्रवास, प्रशिक्षक यांचा खर्च वाढला. मोठ्या फुटबॉल क्लबांच्या छायेत असलेल्या रिअल माद्रिदला आणि बार्सिलोनाला तो पेलणारा होता. बादालोनाने आपल्यापाशी विकण्यासारखे जे होते ते विकायला काढले, आणि ते होते नाव.

विजयांच्या यादीशेजारी त्या त्या वेळची अधिकृत नावे ठेवली की एक विलक्षण तक्ता तयार होतो. १९९० मध्ये दुसरा कोराच चषक जिंकला तो 'राम जुवेन्तुत'ने. हे राम म्हणजे आपले रामराय नव्हेत, दुधाचा व्यापारी छाप. १९९१ आणि १९९२ मध्ये लीग जिंकली ती 'मोंतिगाला जुवेन्तुत'ने. मोंतिगाला हा बादालोनाचाच नव्याने वसत असलेला भाग. पुढच्या हंगामात क्लबाचे नाव होते 'मार्बेया जुवेन्तुत'. मार्बेया हे शेकडो मैल दक्षिणेकडचे पर्यटननगर. एका गावाच्या अभिमानासाठी जन्मलेला संघ वर्षभर दुसऱ्याच गावाचे नाव छातीवर घेऊन खेळला. त्यानंतर 'सेव्हन-अप', मग 'फेस्तिना' हे घड्याळ, मग आरोग्यविमा विकणारी 'डीकेव्ही'. १९३०च्या पोरांनी अमेरिकन विमानाचे नाव हौसेने उसने घेतले होते. त्यांच्या नातवंडांच्या काळात अमेरिकन शीतपेयाचे नाव पैसे घेऊन लावले गेले.

हा तक्ता वाचून नाक मुरडणे सोपे आहे. परंतु याच विकलेल्या नावांच्या पैशावर क्लबाचा सर्वोत्तम काळ उभा राहिला, हेही तेवढ्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. १६ एप्रिल १९९२ रोजी इस्तंबूल येथे युरोपीय विजेतेपदाचा अंतिम सामना झाला. समोर बेलग्रेडचा पार्टिझान होता. युगोस्लाव्हियातील युद्धामुळे त्याला आपले बहुतेक घरचे सामने माद्रिदजवळच्या फुएनलाब्राडा येथे खेळावे लागले होते. शेवटच्या क्षणांत तोमास जोफ्रेसाने जुवेन्तुतला ७०-६८ अशी आघाडी मिळवून दिली. काही सेकंद उरले होते. साशा जॉर्जेविच चेंडू घेऊन धावत आला, तोल सावरत तीन गुणांचा फेक टाकला आणि सामना ७१-७० असा फिरला. पार्टिझानच्या बाकावर झेल्को ओब्राडोविच हा प्रशिक्षक म्हणून पहिल्याच हंगामात असलेला तरुण बसला होता.

पुढे जे घडले ते कादंबरीत आले असते तर समीक्षकांनी बेतीव म्हटले असते. जुवेन्तुतने ज्याच्याकडून हार खाल्ली त्याच ओब्राडोविचला १९९३ मध्ये आपला प्रशिक्षक नेमले. १९९४च्या उपान्त्य सामन्यात संघाने बार्सिलोनाला हरवले. २१ एप्रिल १९९४ रोजी तेल अविव येथील अंतिम सामन्यात ऑलिंपियाकोस ५७-५६ असा पुढे असताना अखेरच्या अर्ध्या मिनिटात कॉर्नी थॉम्पसनने तीन गुण मिळवले. ग्रीक संघाला त्याचे उत्तर देता आले नाही. झार्को पास्पालच्या हातून मोक्याचे फ्री थ्रो हुकले. ५९-५७. कॅटलोनियातील एखादा बास्केटबॉल क्लब युरोपचा विजेता होण्याची ही पहिली वेळ. बार्सिलोनाला हा मान मिळायला २००३ साल उजाडले. युरोपच्या अधिकृत नोंदींत मात्र त्या वर्षीचा विजेता 'सेव्हन-अप जुवेन्तुत' असाच आहे. भविष्यातील एखादा अभ्यासक केवळ नोंदी वाचील तर बादालोना हे नाव त्याला शोधावे लागेल.

५

याच काळात आणखी एक बदल झाला. तो नावाच्या शेपटापुरता असला तरी आमच्या मते सर्वांत दूरगामी होता. १९९०च्या क्रीडा कायद्याने स्पेनमधील बहुतेक व्यावसायिक क्लबांना भागभांडवलाच्या कंपन्या व्हावे लागले. रिअल माद्रिद, बार्सिलोना अशा मोजक्या क्लबांना सूट मिळाली. ते सभासदांच्या मालकीचे राहिले. जुवेन्तुतच्या नावामागे कंपनीदर्शक अक्षरे लागली. कट्ट्यावर कोणीही बसावे आणि उठावे. कंपनीचा भाग मात्र विकत घ्यावा लागतो आणि विकताही येतो. थोरल्यांना सूट आणि धाकट्याला बाजार, असा हा न्याय होता.

पैशाची चणचण कायमची झाली. १९९४चा विजयी संघ लगेच विखुरला : ओब्राडोविच रिअल माद्रिदला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यासह युरोपचा विजेता झाला, फेरान मार्तिनेस बार्सिलोनाला गेला. १९९१ मध्ये उघडलेली नवी क्रीडाशाळा, जिथे १९९२च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची 'ड्रीम टीम' खेळली आणि जिच्या वास्तुरचनेला युरोपातील मिस व्हान डर रोह पुरस्कार मिळाला, ती आता क्लबाच्या मिळकतीच्या मानाने फार मोठी वाटू लागली. १९९७चा चषक हा अपवाद.

या परिस्थितीत क्लबाला आपल्या नावाचा शब्दार्थच जगावा लागला. जुवेन्तुत म्हणजे तारुण्य, आणि क्लबाने तरुण घडवले. वीक गावच्या राऊल लोपेसला घडवले. तो रिअल माद्रिदकडे गेला. मायोर्काच्या रूडी फर्नांदेसला घडवले. शेजारच्या एल मास्नोउच्या रिकी रूबियोला ऑक्टोबर २००५ मध्ये, पंधरावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, लीगमध्ये उतरवले. लीगच्या तोपर्यंतच्या इतिहासातील तो सर्वांत लहान खेळाडू. आइतो गार्सिया रेनेसेस यांच्या हाताखाली या पोरांनी २००६ मध्ये एक युरोपीय चषक, २००८ मध्ये राजाच्या नावाचा राष्ट्रीय चषक आणि त्याच वर्षी यूएलईबी चषक जिंकला. त्याच उन्हाळ्यात रूडी अमेरिकेत पोर्टलंडला गेला. २००९ मध्ये दीर्घ वादानंतर रिकी बार्सिलोनाकडे गेला. रेनेसेस तर आधीच स्पेनच्या राष्ट्रीय संघासाठी निघून गेले होते.

येथे प्रश्न उभा राहतो तो नैतिक आहे. आपण वाढवलेले पोर शेजारच्या श्रीमंताकडे गेले तर दोष कोणाचा? प्रेक्षकांनी त्या वेळी रिकीला दूषणे दिली. परंतु ज्या व्यवस्थेत क्लबाचे नावच दरवर्षी विकले जात होते, त्या व्यवस्थेत अठरा वर्षांच्या मुलाने निष्ठेपोटी थांबावे, ही अपेक्षा आम्हांला विसंगत वाटते. याच्या उलट उदाहरण जोर्दी विल्याकाम्पाचे. रेउसहून पोरवयात आलेला हा खेळाडू १९८० पासून १९९७ पर्यंत याच संघात खेळला आणि १९९९ ते २०१७ क्लबाचा अध्यक्ष राहिला. पण त्याच्या अध्यक्षपदाच्या काळातही कर्जाचा डोंगर सरला नाही. निष्ठा हा गुण खरा. तो ताळेबंदात मांडता येत नाही.

२०१८च्या आरंभी स्थिती अशी होती की संघ खालच्या श्रेणीत जाण्याच्या उंबरठ्यावर आणि क्लब बंद पडण्याच्या. कार्लेस दुरान प्रशिक्षक झाले, संघ वाचला. क्लब वाचला तो औषधनिर्मितीतील ग्रिफोल्स कुटुंबाशी संबंधित गुंतवणूकदार कंपनीने बहुसंख्य भाग घेतल्यामुळे. ज्या कायद्याने कट्ट्याची कंपनी केली त्याच कायद्यामुळे कंपनीला खरेदीदार मिळाला, हा विरोधाभास नजरेआड करून चालणार नाही. आणि २०२५च्या उन्हाळ्यात, मानसिक स्वास्थ्यासाठी खेळापासून दूर राहिल्यानंतर, पस्तिशीकडे झुकलेला रिकी रूबियो बादालोनालाच परतला. ज्यांनी एकेकाळी त्याला बोल लावले त्यांच्याच शहराने त्याला घेतले.

६

या सर्व नावांतून काय हाती लागते? तीन प्रकार आम्हांला दिसतात : हौसेने घेतलेले नाव, सत्तेने भाषांतरित केलेले नाव आणि गरजेने विकलेले नाव. या तिन्हींच्या खालून एक शब्द वाहत राहिला. तो टिकला याचे श्रेय त्याच्या काव्यात्मतेला देण्याची गरज नाही. तो नोंदवहीत नव्हता म्हणून बदलला गेला नाही, आणि मालमत्ता नव्हता म्हणून विकला गेला नाही.

ही स्थिती तशीच राहील असेही नाही. क्लबाच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता 'पेन्या' या शब्दावरच आहे. सदऱ्यांवर, जाहिरातींत तो शब्द छापून येतो. लोकांनी जपलेले नाव आता संस्थेने ताब्यात घेतले आहे. यात वाईट काही नाही, कदाचित ते न्याय्यच आहे. मात्र ज्या कारणाने तो शब्द वाचला ते कारण आता उरलेले नाही. पुढच्या अडचणीच्या हंगामात विकायला काढण्याजोगे नाव म्हणून तो यादीत असेल. त्या वेळी हिरव्या-काळ्या रंगाच्या गर्दीत लोक काय ओरडतील, कोणता नवा शब्द नोंदीबाहेर जन्म घेईल, याकडे भाषेच्या अभ्यासकांनी कान लावून असावे.